वस्तीतल्या लहान तलावाची पातळी मोजायची आहे? आधी शून्य पक्का करा

पाळीवरून

अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा या मोठ्या तलावांबद्दल नागपुरात सगळेच बोलतात. सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव, लेंडी तलाव, पांढराबोडी असे घरांनी वेढलेले लहान तलाव मात्र 'भरला', 'अर्धा आहे', 'आटत चालला' एवढ्यावरच राहतात. 'अर्धा आहे' याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. एक हेक्टर पसरलेल्या पाण्यावर एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीला दिसतो. म्हणून हा धागा. तीन-चार हेक्टरचा तलाव, आठ-नऊ माणसं आणि रोजची पाच मिनिटं एवढ्यात हे काम होतं.

पहिली गोष्ट पट्टी नाही, शून्य आहे. कुठून मोजायचं ते आधी ठरवा. लहान तलावाला सगळ्यात सोयीचा शून्य म्हणजे सांडव्याचा माथा, म्हणजे ज्या पातळीला पाणी आपोआप बाहेर वाहायला लागतं ती. तिथे शून्य धरला की 'उणे १.३५ मीटर' ऐकताच कळतं, तलाव भरायला १३५ सेंटीमीटर बाकी आहेत. समुद्रसपाटीपासूनची उंची नंतर कुणी सर्वेक्षक जोडून देईल. ती आज नसली तरी काम अडत नाही.

सांडव्याचा माथा जुन्या बांधकामात क्वचितच सपाट असतो. लांबीभर दर अर्ध्या मीटरला उंची घ्या आणि सगळ्यात खालचा बिंदू शून्य माना, कारण पाणी तिथूनच पहिलं निघतं. त्या बिंदूवर छिन्नीने अधिकची (+) खूण करून तैलरंग भरा. तलाव वारसा यादीतला असेल तर छिन्नी लावू नका, रंगाची खूण आणि दोन बाजूंनी फोटो पुरे. कुठलंही काम सुरू करण्याआधी महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. बिनपरवानगी लावलेली पट्टी पहिल्या साफसफाईतच निघते.

शून्याची खूण एक असून चालत नाही, तीन हव्यात. सांडव्यावर एक, देवळाच्या जोत्यावर किंवा जुन्या पुलाच्या दगडावर दुसरी, उघड्या खडकावर तिसरी. दोनच खुणा असल्या आणि त्यांच्यातलं अंतर बदललं, तर कोणती हलली ते सांगता येत नाही. तीन असल्या की दोघी मिळून तिसरीची चूक दाखवतात.

नवी_वही

छान धागा. दोन प्रश्न. घाटाच्या पायऱ्यांवर सरळ रंगाने आकडे काढले तर चालतील का? आणि पायऱ्या नसतील, नुसता मातीचा काठ असेल, तर खांब कुठे रोवायचा?

मुरूमखडी

पायऱ्यांवर रंग चालतो, पण उभ्या चेहऱ्यावरच काढा. आडव्या भागावर आकडा काढून उपयोग नाही. इपॉक्सी रंग वापरा, साधा ऑइलपेंट पाण्याच्या रेषेवर एका पावसाळ्यात सोलून निघतो. विनाइलचे स्टिकर तर मुळीच नकोत, इथल्या ४५ अंशांत त्यांचा गोंद सुटतो. सगळ्यात टिकाऊ म्हणजे एक मीटर लांबीच्या इनॅमलच्या पट्ट्या, एकेक सेंटीमीटरचे ठोकळे असलेल्या. स्टेनलेसच्या स्क्रूने बसवा आणि स्क्रूखाली रबराचा वायसर घाला. तो नसेल तर घट्ट करताना इनॅमलचा टवका उडतो आणि तिथूनच गंज आत शिरतो. ॲल्युमिनियम टाळा, भंगारात विकलं जातं.

काठ उताराचा असेल तर एकच उंच खांब नको. जिन्यासारखे तीन-चार खांब, प्रत्येकावर एक मीटरची पट्टी, आणि वरच्या पट्टीचा तळ खालच्या पट्टीच्या माथ्याच्या निदान १५ सेंटीमीटर खाली. पाणी त्या १५ सेंटीमीटरमध्ये असताना दोन्ही पट्ट्या वाचायच्या. आकडे जुळले नाहीत तर एक खांब हलला आहे. अशी तपासणी फुकटात मिळते, सोडू नका.

खांबाचं खरं दुखणं काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि खांबाला धरून वर ढकलते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खांब वर येतो, मे महिन्यात पुन्हा बसतो, पण जिथे होता तिथेच बसेल असं नाही. पट्टी स्वतः दोन-तीन सेंटीमीटर वर उचलली गेली की तलाव तेवढा उतरल्यासारखा दिसतो. म्हणून पहिली पसंती दगडी भिंत, सांडव्याचा खांब, घाट. मातीत रोवायचाच असेल तर काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदा आणि काँक्रीटचा पाया मुरमातच घ्या. ४० सेंमी लांब, ४० रुंद, ७५ खोल खड्ड्याला १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात पाऊण ते एक गोणी सिमेंट लागतं. वरच्या काळ्या मातीच्या थरातून ५० मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप ९० मिमीच्या पीव्हीसी पाइपातून वर काढा आणि दोन्हींच्या मधे कोरडी वाळू भरा. माती बाहेरच्या पीव्हीसीला धरून हलेल, आतला पाइप जागेवर राहील. वाळूच्या तोंडावर डांबराचा पट्टा द्या, नाहीतर चिखल उतरून सगळं घट्ट होतं.

हे काम मे महिन्यात करा. तेव्हा काठ सगळ्यात खालपर्यंत उघडा असतो आणि सगळ्यात खालच्या पट्टीची जागा दिसते. तीही गाळात टेकवू नका. एक मोठा पाऊस झाला की गाळ पुढे सरकून पट्टीचे खालचे दहा-वीस सेंटीमीटर गिळतो.

ओळंबा

शून्याची खूण आणि पट्ट्या जुळवण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

ऑटो लेव्हल (सर्वेक्षकांची तिपाईवरची दुर्बीण) मिळालं तर उत्तम. नाहीतर मिस्त्री लोकांची लेव्हल ट्यूब पुरते. १२ मिमीची पारदर्शक नळी, २० ते २५ मीटर. बादली उंचावर ठेवून नळी एका बाजूने तोंडाने ओढून भरा, नळाला लावून भरू नका, हवेचे बुडबुडे अडकतात. भरल्यावर नळी पूर्ण लांबीने डोळ्यांसमोरून सरकवा. तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा लहान वाटतो, पण वळणाच्या माथ्यावर तो नळीभर पसरला की दोन्ही टोकांच्या पाण्यात सेंटीमीटरभर फरक टाकतो. नळीला टिचक्या मारत तो एका टोकाकडे चालवत न्या, निघेपर्यंत पुढचं काम नको. मग दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत आलं का बघा. ही तपासणी सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा.

वाचताना दोन्ही अंगठे काढलेले हवेत. पाणी डोलायचं थांबायला मिनिट-दीड मिनिट द्या. एक टोक उन्हात, दुसरं सावलीत असं नको, कारण गरम पाणी हलकं होतं आणि वर चढतं. नंतर टोकांची अदलाबदल करून परत मोजा. दोन मापांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही खोडा आणि नव्याने घ्या. सरासरी काढून चूक झाकू नका.

पलीकडच्या काठावरही पट्टी लावायची असेल तर नळी तिथवर पोचणार नाही. तिथे तलावच तुमची लेव्हल. वारा पडलेल्या पहाटे दोन्ही काठांवर एकेक माणूस उभा करा, फोनवर बोलत एकाच वेळी दोन्ही पट्ट्या वाचा, दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा. लहान तलावाचं स्थिर पाणी कोणत्याही नळीपेक्षा सपाट असतं. सांडव्यावरून पाणी वाहत असताना किंवा नाल्यातून येवा (आत येणारं पाणी) चालू असताना मात्र हे करू नये.

जुळवणी वर्षातून दोनदा: जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीच्या आसपास. म्हणजे मातीची दोन्ही टोकं सापडतात.

पर्जन्यवही

मोजायची वेळ सकाळी साडेआठ ठेवा, अशी माझी आग्रहाची सूचना. हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा मोजतात. तलावाची नोंद संध्याकाळी सहाची आणि पाऊस सकाळी साडेआठचा, असं झालं की कोणता पाऊस कोणत्या चढाला जोडायचा हेच कळत नाही.

विमानतळावरच्या वेधशाळेचा आकडा आपल्या तलावाला जसाच्या तसा लावू नका. जून आणि सप्टेंबरच्या गडगडाटी सरी शहराच्या एका टोकाला धो-धो आणि दुसऱ्या टोकाला कोरडं, अशा पडतात. स्वतःचं पर्जन्यमापक ठेवा. २० सेंमी व्यासाचं फनेल असेल तर त्याच्या तोंडाचं क्षेत्र ३१४ चौरस सेंमी, म्हणजे जमलेले दर ३१.४ मिलिलिटर एक मिलिमीटर पाऊस. मोजमापाचा प्लास्टिकचा नळा घ्या, स्वयंपाकाचा कप नको. फनेलची कड आडवी, जमिनीपासून साधारण ३० सेंमी वर, आणि जवळच्या भिंतीपासून किंवा झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. गच्चीवर ठेवलं तर वाऱ्याने पाऊस उडून कमी भरतो.

पाळीवरून

साडेआठच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. उन्हाळ्यात साडेआठला वारा सुटलेला असतो आणि लाटेमुळे दोन-तीन सेंटीमीटरचा गोंधळ होतो. सहा-साडेसहाला पाणी आरशासारखं असतं. पावसाचे चार महिने साडेआठ आणि बाकीचे आठ महिने सूर्योदय, असं चालेल. वेळ मात्र दर नोंदीला लिहा, ठरलेली आहे म्हणून गाळू नका.

आकडा वाचायचा कसा, तेही इथेच. स्थिर पाण्यात पट्टीचं प्रतिबिंब पडतं. खरे ठोकळे वरून खाली येतात, उलटे ठोकळे खालून वर येतात, आणि दोन्ही जिथे एकमेकांना भिडतात तीच पाण्याची रेषा. वरून वाकून बघितलं तर पाण्याखालचे आकडेही स्वच्छ दिसतात आणि माणूस दोन सेंटीमीटर खालचा आकडा सांगून मोकळा होतो. म्हणून खाली बसून वाचा. पट्टीला चिकटून पाणी दोन-तीन मिलिमीटर वर चढलेलं असतं, ती कड सोडून सपाट पाण्याची पातळी घ्या. शेवाळ्याचा बुळबुळीत थर असेल तर रेषा दिसतच नाही. कापडाने पुसा, तारेच्या ब्रशने नको. लाट असेल तर वीस सेकंद बघून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा घ्या आणि दोन्हींचा मध्य लिहा.

पर्जन्यवही

पावसाळ्यापुरतं साडेआठ राहिलं तरी माझं काम होतं. मान्य.

नवी_वही

लाटांचा त्रास टाळायला पाइप लावतात ना? त्यात सेन्सर बसवला तर रोज जायची गरजच राहणार नाही.

तारजोड

पाइप लावा, पण सेन्सर आला म्हणून माणसाचं वाचन बंद करू नका.

पाइपाबद्दल आधी. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा, तळ बंद, तळापासून ३० सेंमी वर तीन भोकं, प्रत्येकी ३ मिमी. भोकं लहान हवीत. पाइपाच्या आतलं क्षेत्र भोकांच्या एकूण क्षेत्राच्या सुमारे ४०० पट राहतं, त्यामुळे बाहेर दहा सेंटीमीटरची लाट असली तरी आत मिलिमीटरभरच हलतं आणि खरी पातळी मात्र काही मिनिटांत आत पोचते. मोठी भोकं पाडली तर लाट आत येते. तीनऐवजी एकच पाडलं तर ते शेवाळ्याने बुजतं आणि पाइपातली पातळी दिवसभर एकाच जागी उभी राहते. सलग तीन दिवस अगदी तोच आकडा आला तर आधी भोकं तपासा. महिन्यातून एकदा पाइपात बादलीभर पाणी ओता आणि ते किती वेळात उतरतं ते घड्याळ लावून बघा. हा वेळ वाढत चालला की समजा, भोकं बुजत आहेत.

आता सेन्सर. स्वस्त अल्ट्रासोनिक सेन्सर आवाज परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढतो, आणि आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो. २० अंशांना तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४५ अंशांना ३५९ च्या आसपास. सेन्सरच्या प्रोग्राममध्ये २० अंशांचा वेग पक्का घातलेला असेल आणि पाणी तीन मीटर खाली असेल, तर मे महिन्याच्या दुपारी तलाव १३ सेंटीमीटर वर आल्याचं दिसतं आणि रात्री परत उतरतो. दिसायला भरती-ओहोटी, खरं तर नुसती गरम हवा. सोबत सावलीत तापमानाचा सेन्सर लावून वेग दुरुस्त करा, किंवा पहाटे चार ते सहाचेच आकडे वापरा. पाण्याच्या २५ सेंमीपेक्षा जवळ हे सेन्सर आंधळे होतात, म्हणून पुराच्या कमाल पातळीच्याही निदान अर्धा मीटर वर बसवा. ११० च्या पाइपात आवाजाची शलाका भिंतीवर आपटून खोटं अंतर देते, त्यामुळे हा सेन्सर पाइपात नको, उघड्या पाण्यावर आडव्या दांडीला लावा.

दाबाचा सेन्सर पाण्यात बुडवून ठेवतात. त्याला हवेचा दाबही मोजला जातो. हवेच्या दाबात एक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) फरक म्हणजे पाण्याचा एक सेंटीमीटर, आणि रोजच्या रोज तीन-चार हेक्टोपास्कलचा चढउतार असतोच. केबलमधून हवेची बारीक नळी वर आणलेला प्रकार घ्या, किंवा हवेत दुसरा दाबमापक ठेवून वजा करा. त्या बारीक नळीच्या तोंडाची ओलावा शोषणारी पुडी पावसाळ्याआधी बदलायची. ती ओली झाली की नळीत थेंब अडकतो आणि सगळे आकडे सरकतात.

कुठलाही सेन्सर असो, आठवड्यातून निदान एकदा पट्टी वाचून त्याच्या आकड्याशेजारी लिहा. सेन्सरचा शून्य हळूहळू सरकतो आणि आलेखात ते तलाव आटल्यासारखंच दिसतं.

गाळमाती

पातळी मोजली, पण पाणी किती आहे ते कळायला क्षेत्रफळाचा तक्ता हवा. त्यासाठी बोट लागत नाही, तलाव उतरत असताना काठाने चालायचं. ऑक्टोबरपासून पातळी दर २५ सेंटीमीटर उतरली की पाण्याच्या कडेने फोनचा जीपीएस चालू ठेवून पूर्ण फेरी मारा आणि त्या दिवशीची पातळी लिहा. जीपीएस तीन ते पाच मीटर चुकतो, म्हणून त्याच दिवशी उलट दिशेने दुसरी फेरी मारून दोन्ही क्षेत्रफळांची सरासरी घ्या. उन्हाळ्यात जवळजवळ कोरड्या पडणाऱ्या तलावाचा सगळा तक्ता एका हंगामात होतो. न आटणाऱ्या तलावाच्या खालच्या भागासाठी दोरी आणि वजन लागेलच.

दोन पातळ्यांमधलं पाणी काढायचं सूत्र: दोन्ही क्षेत्रफळं आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांची बेरीज करा, उंचीने गुणा, तीनाने भागा. वर ३.६ हेक्टर, खाली ३.२ हेक्टर आणि मधे ०.२५ मीटर असेल तर वर्गमूळ ३.३९, बेरीज १०.१९, आणि उत्तर ०.८५ हेक्टर-मीटर. म्हणजे ८,५०० घनमीटर, ८५ लाख लिटर.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पाच दिवसांआड, दहा मीटरच्या ठोकळ्यांची. ताळा घ्यायला चांगली. जलपर्णीने झाकलेलं पाणी मात्र त्यांत जमिनीसारखं हिरवं दिसतं आणि पावसाळ्यात ढगच दिसतात.

तलावातून गाळ काढला की हा तक्ता बाद, नवा करावा लागतो. पट्टीचा शून्य मात्र तोच ठेवायचा. पोकलेन काठावरून उतरवताना खांबाला धक्का लागला का, ते त्याच दिवशी तपासा.

झिरपा

या सगळ्या मापांचा खरा उपयोग कोरड्या दिवसांत होतो. त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

डिसेंबर-जानेवारीत पाऊस नाही, येवा नाही, ऊन कमी. तेव्हा बाष्पीभवनाने तलाव दिवसाला साधारण तीन मिलिमीटर उतरतो. दहा दिवसांत तीन सेंटीमीटर. तुमच्या वहीत दहा दिवसांत आठ सेंटीमीटर दिसत असतील तर उरलेले पाच कुठे गेले ते शोधा: पाळीतून, म्हणजे तलावाच्या बांधातून झिरपा, तळातून झिरपा, किंवा कुणाचा पंप. रोजच्या फरकावर निष्कर्ष काढू नका, वाचनाची चूकच तेवढी असते. निदान दहा दिवसांचा उतार घ्या. पंपाचा संशय असेल तर आठवडाभर सूर्यास्ताला आणि सूर्योदयाला दोन नोंदी करा. रात्री बाष्पीभवन कमी असतं, त्यामुळे रात्रीची घट दिवसापेक्षा मोठी निघाली तर कारण माणसाचं आहे.

पाळीच्या पायथ्याशी ओल दिसत असेल तर ते पाणी चरातून एका पाइपात आणा आणि बादली-घड्याळाने मोजा. दहा लिटरची बादली ५० सेकंदांत भरली तर दिवसाला १७,२८० लिटर. तीन हेक्टर तलावावर हे ०.६ मिलिमीटरही होत नाही, म्हणजे पट्टीला ते दिसणार नाही. पायथ्याची गळती स्वतंत्र मोजावी लागते ती यासाठी. तिथे प्रमाणापेक्षा रंग महत्त्वाचा. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर नोंद ठेवा. गढूळ असेल तर पाळीतली माती वाहून येत आहे, आतून पोकळी होत आहे. त्याच दिवशी महानगरपालिकेला लेखी कळवा, फोटो आणि पातळीसकट.

आणि मे महिना. तेव्हा उघडं पाणी इथे दिवसाला सेंटीमीटरच्या आसपास उडतं. महिन्याभरात फूटभर तरी उतरायला हवं. मे महिन्यात जो तलाव उतरत नाही, त्याला कुठून तरी रोज पाणी मिळतं आहे. ती फुटलेली जलवाहिनी असेल किंवा सांडपाणी. तीन हेक्टरवर रोजचा एक सेंटीमीटर भरून निघतो म्हणजे रोज तीन लाख लिटर आत येतात. लोक याला 'आपला तलाव बारमाही आहे' म्हणून आनंदाने सांगतात. काठाने पहाटे फेरी मारा, नळ सुटण्याच्या वेळेनंतर कोणत्या गटारातला प्रवाह वाढतो ते बघा.

गाळ काढल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हा दहा दिवसांचा उतार पुन्हा काढा. खोदताना तळाचा चिकण थर फुटला असेल तर घट लगेच वाढलेली दिसते.

पर्जन्यवही

यालाच जोडून पावसाळ्याचं. २० मिमी पाऊस पडला आणि तलाव ४० मिमी चढला, तर २० मिमी थेट पडलेला आणि २० मिमी पाणलोटातून आलेला. तीन हेक्टरवर २० मिमी म्हणजे ६०० घनमीटर. पाणलोट ६० हेक्टर असेल तर त्यावर एकूण १२,००० घनमीटर पडलं, म्हणजे त्यातलं पाच टक्के पोचलं. जूनमध्ये हे प्रमाण कमीच राहणार, भेगाळलेली काळी माती पहिले पाऊस पिऊन टाकते. ऑगस्टमध्ये, जमीन तुडुंब भिजलेली असतानाही ते पाच टक्क्यांवरच अडलं तर नाला कुठेतरी बुजला किंवा वळवला गेला आहे. हे वही दाखवून बोलता येतं.

नवी_वही

रात्री अचानक मोठा पाऊस झाला तर? सकाळी बघेपर्यंत कमाल पातळी येऊन गेलेली असते.

तारजोड

त्यासाठी एक साधी युक्ती आहे. दोन इंची जीआय पाइप पट्टीशेजारी उभा, तळाशी चार-पाच भोकं, वर झाकण आणि झाकणाच्या जरा खाली हवेसाठी एक भोक. आत सागाची सरळ पट्टी, मिलिमीटर कोरलेली, तळ ठरलेल्या खिळ्यावर टेकणारी. तळाशी चमचाभर बुचाची बारीक पूड. पाणी चढतं तशी पूड तरंगत वर जाते आणि पाणी उतरलं की लाकडाला चिकटून राहते. सकाळी पट्टी काढायची, पुडीची वरची रेघ वाचायची, पुसून नवी पूड घालून परत ठेवायची. वीज नाही, बॅटरी नाही. पुडीऐवजी पट्टीवर खडू घासला तरी काम भागतं, पाणी जिथवर आलं तिथवर तो धुऊन निघतो. पाइपाला कुलूप हवं, आणि खिळ्याची पातळी शून्याशी जुळवलेली हवी.

पाळीवरून

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झालं ते शहराला आठवतंच. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. लहान तलावांनाही हेच लागू, फक्त वेळ आणखी कमी मिळतो.

म्हणून पावसाळ्यात दोन आकडे सांगा: सांडव्यापर्यंत किती बाकी आणि तासाला किती चढतंय. ४२ सेंटीमीटर बाकी, तासाला सहा, तर सात तास. पाऊस वाढला की हे सात तास तीनवर येतात, म्हणून हिशेब दर अर्ध्या तासाला नव्याने करा. खालच्या गल्लीत हाच आकडा कळवायचा. आणीबाणीत ११२.

सांडव्यावरून किती जातंय त्याचा अंदाज: माथ्यावरच्या पाण्याची उंची मीटरमध्ये, तिचा दीड घात (म्हणजे उंची गुणिले उंचीचं वर्गमूळ), गुणिले सांडव्याची लांबी, गुणिले १.७. सहा मीटर लांबीवर १० सेंमी पाणी असेल तर सेकंदाला सुमारे ३२० लिटर, ३० सेंमी असेल तर सुमारे १,६८०. उंची तिप्पट, विसर्ग पाचपट. ही उंची माथ्यावर काठी धरून मोजू नका. तिथे पाणी वेग घेत खाली वाकतं आणि कमी आकडा येतो, शिवाय पाय घसरला तर वाचवणारं कुणी नसतं. तलावातली पट्टी वाचा, शून्य सांडव्याचाच असल्यामुळे उत्तर तेच मिळतं. सांडव्यात जलपर्णी, निर्माल्य, फांद्या अडकल्या असतील तर सूत्र लागू पडत नाही आणि पाणी पाळीवर चढायचा धोका खरा. सप्टेंबरमध्ये, विसर्जनानंतरच्या सकाळी, सांडवा मोकळा आहे हे डोळ्यांनी बघून वहीत लिहा.

नवी_वही

वहीत नेमके कोणते रकाने ठेवायचे? आणि एखादा दिवस चुकला तर?

ओळंबा

तारीख, वेळ, पट्टी क्रमांक, वाचलेला आकडा, शून्यापासूनची पातळी, पाऊस, वारा किंवा लाट, वाचणाऱ्याची आद्याक्षरं, शेरा. वाचलेला आकडा आणि हिशेबाने काढलेली पातळी वेगवेगळ्या रकान्यांत, कारण उद्या पट्टीचा शून्य चुकीचा निघाला तर मूळ आकड्यावरून सगळं परत काढता येतं. मूळ आकडा नसेल तर ती वर्षं गेली. खोडरबर नको, चूक एका रेघेने खोडून शेजारी लिहा.

चुकलेला दिवस रिकामा ठेवा. कालच्या आणि उद्याच्या मधला आकडा भरणारी माणसं भली असतात, पण अशी वही कामाची राहत नाही. रोजच्या वाचनाबरोबर पट्टीचा एक फोटो ग्रुपवर टाकला की दहा सेंटीमीटरची चूक तिथल्या तिथे पकडली जाते. ही चूक सगळ्यात जास्त होते: काही पट्ट्यांवर आकडा रेघेच्या वर छापलेला असतो, काहींवर खाली, आणि नवा माणूस १.२८ चा १.३८ करतो. आठवड्याचे आकडे बघून शेवटचा अंक सारखा ० किंवा ५ येत असेल तर कुणीतरी अंदाजाने वाचतंय. त्या व्यक्तीबरोबर दोन सकाळी काठावर बसा, लगेच सुधारतं.

सात वारांना सात जण आणि दोन बदली, अशी पाळी लावा.

मुरूमखडी

वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तिन्ही खुणांचे फोटो, त्यांच्यातली उंचीची अंतरं आणि प्रत्येक पट्टीचा तळ शून्यापासून किती खाली आहे ते चिकटवा. पट्टी बदलली, खांबाला गाय घासली, म्हशी बांधल्या, पोरांनी दगड मारून टवका उडवला, जे काही झालं ते त्याच पानावर तारखेसकट. आणि या पानाची झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा, कारण वही भिजते.